लाळेतला जठराचा जंतू

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा माणसाच्या जठरात राहणारा, मळसूत्रासारखा पिळदार जीवाणू. लांबीला अडीच ते चार मायक्रोमीटर, एका टोकाला चार-सहा शेपट्या. या शेपट्यांच्या जोरावर जठराच्या बुळबुळीत थरातून वाट काढत तो आतल्या पेशींच्या अगदी लगत जाऊन बसतो. जठरातला रस इतका तीव्र आम्लधर्मी असतो की बाहेरून आलेले बहुतेक जंतू तिथे टिकत नाहीत. हा मात्र युरिएज नावाचे विकर मुबलक तयार करतो, युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करतो आणि अमोनियाच्या आवरणाआड आम्लातून पार होतो. त्याला आम्ल आवडते हा समज चुकीचा आहे. आम्ल त्याला फक्त ओलांडायचे असते. त्याचे खरे घर आहे बुळबुळीत थराच्या तळाशी, जिथे आम्लाची धार जवळजवळ संपलेली असते.

हाच जंतू काही माणसांच्या लाळेतही सापडतो. जठर आणि घसा यांच्यामध्ये सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना एरवी घट्ट मिटलेल्या झडपा आहेत. मग तो तोंडात आला कसा? जठरातले द्रव्य ज्यांच्या घशापर्यंत चढते, त्यांच्या घशाच्या दुखण्यात या जंतूचा हात असतो का? कान-नाक-घसा विभाग, पोटविकार विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा अशा तीन ठिकाणी हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात समोर येतो. तिन्ही ठिकाणी काम करणाऱ्यांना त्याचे सोपे उत्तर मिळाल्यासारखे वाटते, आणि पुढे ते हातातून निसटते.

घशापर्यंत येणाऱ्या या उलट्या प्रवाहाला, म्हणजे रिफ्लक्सला, वैद्यकात लॅरिंगोफॅरिंजियल रिफ्लक्स, थोडक्यात एलपीआर, म्हणतात. ओपीडीत येणारा रुग्ण अर्थातच हे नाव घेऊन येत नाही. तो म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी खाली जात नाही आणि खाकरलं तरी बाहेर येत नाही. सकाळी आवाज जड असतो, अकराच्या सुमारास जरा मोकळा होतो. सारखं खाकरावं लागतं, घरचे वैतागतात. जेवल्यावर कोरडा खोकला येतो. शाळेत शिकवणाऱ्या बाई, कीर्तनकार, गाण्याचा रियाज करणारे, हातगाडीवर दिवसभर ओरडून माल विकणारे, हे सगळे इथे नेमाने दिसतात, कारण आवाजावर पोट असणाऱ्यांना आवाजातला फरक आधी जाणवतो. यांतल्या अनेकांनी तोवर तीन-चार वेळा घशाच्या संसर्गासाठी म्हणून प्रतिजैविके घेतलेली असतात. काहींनी हळद घालून दूध पिऊन पाहिलेले असते, काहींनी थंड पाणी वर्षभर बंद केलेले असते.

डॉक्टर विचारतात, छातीत जळजळ होते का? आंबट ढेकर येतात का? निम्म्याहून जास्त रुग्ण नाही म्हणतात. या विभागात नव्याने आलेल्या निवासी डॉक्टरची पहिली चूक बहुधा इथेच होते. मराठी घरांत ‘पित्त’ आणि ‘ॲसिडिटी’ हे शब्द इतके रुळलेले आहेत की छातीत आग नाही म्हणजे पोटाचा संबंध नाही, असे रुग्णाप्रमाणे डॉक्टरही धरून चालतो. घशाचा रिफ्लक्स मात्र पुष्कळदा दिवसा, माणूस उभा किंवा बसलेला असताना होतो. तो थोडा असतो, क्षणभर असतो, कित्येकदा वायुरूप किंवा फवाऱ्यासारखा असतो. अन्ननलिकेला दिवसातून अनेकदा होणारा आम्लाचा स्पर्श सहन होतो. ती आकुंचन पावून आलेले पुन्हा खाली ढकलते आणि गिळलेल्या लाळेतले बायकार्बोनेट उरलेले आम्ल धुऊन काढते. स्वरयंत्राला असली धुलाई मिळत नाही. तिथले नाजूक अस्तर थोड्याशा स्पर्शानेही सुजते, आणि छातीला काही कळायच्या आत घसा बोलू लागतो.

या आजाराला स्वतंत्र ओळख मिळायला वेळ लागला. १९६८ मध्ये चेरी आणि मार्ग्युलिस या दोन डॉक्टरांनी स्वरयंत्राच्या मागच्या भागातल्या जखमांचा संबंध जठरातून वर येणाऱ्या आम्लाशी जोडला. १९९१ मध्ये जेमी कॉफमन यांनी २२५ रुग्णांवरचा प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चोवीस तास नाकातून नळी ठेवून घशातले आणि अन्ननलिकेतले आम्ल मोजले होते, शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आम्लाइतकेच पेप्सीन हे जठरातले विकरही घातक असल्याचे दाखवले होते. पुढे कॉफमन, बेलाफ्स्की आणि पोस्टमा यांनी २००१-०२ च्या सुमारास दोन मोजपट्ट्या तयार केल्या. एकीत रुग्णाने नऊ तक्रारींना शून्य ते पाच गुण द्यायचे, एकूण ४५ पैकी १३ च्या वर गेले तर रिफ्लक्सचा संशय घ्यायचा. दुसरीत डॉक्टरने दुर्बिणीतून दिसणाऱ्या आठ खुणांना गुण द्यायचे. जगभरच्या ओपीडीत आजही या मोजपट्ट्या वापरात आहेत.

त्यांच्या मर्यादाही वापरता वापरताच उघड झाल्या. नाकातून लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिले की मागच्या बाजूची लाली, सूज, जाडसर झालेले अस्तर दिसते आणि निदान झाल्यासारखे वाटते. पण एकच चित्रफीत दोन अनुभवी डॉक्टरांना दाखवली तर दोघे वेगवेगळे गुण देतात. २००२ मध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या शंभराहून अधिक निरोगी स्वयंसेवकांची स्वरयंत्रे तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत रिफ्लक्सची म्हणून सांगितली जाणारी एखादी तरी खूण सापडली. तंबाखू, धूळ, ॲलर्जी, आवाजाचा अतिवापर, सततचे खाकरणे यांनीही घसा लाल होतो. म्हणूनच या क्षेत्रातल्या लोकांना निदानाचा काहीतरी ठोस, मोजता येणारा पुरावा हवा होता आणि त्यांची नजर लाळेकडे वळली. लाळ सहज मिळते. सुई नको, भूल नको, नळी नको, रुग्णाने एका डबीत थुंकले की नमुना तयार. त्यात जठरातल्या वस्तूचा माग लागला तर रिफ्लक्स झाला असे म्हणता येईल, हा विचार साधा आणि आकर्षक होता. जठरातली ओळखीची आणि चर्चेतली वस्तू म्हणजे हाच जंतू.

तो चर्चेत कसा आला, ती कामाचीच एक कथा आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ जठराच्या तुकड्यांचे काचपट पाहत असत. ११ जून १९७९ रोजी, त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांना एका तुकड्यावर वाकड्या जंतूंची रांग दिसली. जठर निर्जंतुक असते असे तेव्हा पाठ्यपुस्तकात होते. वॉरन यांनी पुस्तकापेक्षा काचपटावर विश्वास ठेवला आणि पुढची दोन वर्षे जवळजवळ एकट्याने नमुने जमवले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे प्रशिक्षणार्थी डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी १०० रुग्णांची पाहणी सुरू केली. जंतू दिसत होता, पण प्रयोगशाळेत वाढत नव्हता. पहिले ३४ नमुने कोरे गेले, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की प्लेट टाकून द्यायची, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत कामाच्या गर्दीमुळे एक प्लेट पाच दिवस इन्क्युबेटरमध्येच राहिली आणि तिच्यावर वसाहती उमटल्या. जंतू सावकाश वाढणारा होता, एवढेच. इतर नमुन्यांना लावलेला दोन दिवसांचा नियम त्याला लावला जात होता.

१९८४ मध्ये मार्शल यांनी या जंतूचे द्रावण स्वतः प्यायले. आठवड्याच्या आत त्यांना पहाटे उलट्या होऊ लागल्या आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यात जठराची सूज आणि जंतू दोन्ही सापडले. १९८९ मध्ये जंतूला आजचे नाव मिळाले, १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला जठराच्या कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले आणि २००५ मध्ये वॉरन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मार्शल यांच्या प्रयोगातला दुर्गंधीचा आणि उलट्यांचा तपशील सहसा किस्सा म्हणून सांगितला जातो. लाळेच्या प्रश्नात तो किश्शाहून महत्त्वाचा ठरतो, कारण जठरातला हा रहिवासी तोंडापर्यंत कसा येऊ शकतो याची खूण त्यात आहे.

तोंडातल्या शोधाला १९८९ पासून वेग आला. त्या वर्षी कॅनडातल्या टोरांटोत जठर, लाळ आणि दातांवरचा चिकट थर असे तिन्ही नमुने एकाच वेळी तपासले गेले. जठरात जंतू असलेल्या रुग्णांपैकी एकाच्या दातांच्या थरात तो वाढला, लाळेत कोणाच्याच नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत लाळेतून तो जिवंत वाढवता आला. दरम्यान १९९१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दातांवरचा थर हे या जंतूचे कायमचे कोठार तर नव्हे, असा प्रश्न त्यात विचारलेला होता, कारण युरिएजच्या चाचणीत जवळजवळ प्रत्येकाच्या दातांचा थर होकारार्थी आला होता. पुढच्या वर्षांत निरनिराळ्या देशांतून आलेले आकडे एकमेकांशी जुळेनात. कुठे लाळेत जंतू क्वचितच, कुठे निम्म्यांत, कुठे बहुतेकांत. अशी तफावत दिसली की जंतूच्या आधी पद्धतीकडे पाहावे लागते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ठाऊक असते.

लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जीवाणू असतात आणि तोंडात आढळणाऱ्या जीवाणूंच्या जाती सातशेच्या घरात जातात. यांतले काही स्वतःच युरिएज तयार करतात. स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस हा जिभेवरचा नेहमीचा रहिवासी त्यांपैकीच, दातांवरच्या थरातला ॲक्टिनोमायसिस नाएस्लुंडी हाही तसाच. जठराच्या तुकड्यावर युरिएज चाचणी केली तर ती विश्वासार्ह असते, कारण तिथे युरिएज बनवणारा दुसरा कोणी फारसा नसतो. तुकडा पिवळ्या जेलीत टाकला, जेली गुलाबी झाली की जंतू आहे. तीच जेली लाळेला लावली तर ती कोणामुळे गुलाबी झाली हे सांगता येत नाही. जठरासाठी बनलेले हत्यार तोंडात नेले की त्याचा अर्थ बदलतो. सुरुवातीच्या वर्षांत अनेकांना हा धडा हात पोळून घ्यावा लागला.

लाळेतून जंतू वाढवणे हे चिकाटीचे काम आहे. त्याला रक्त मिसळलेले पोषक माध्यम लागते, इतर जंतूंना दाबणारी प्रतिजैविके लागतात, हवेतल्यापेक्षा बराच कमी, सुमारे पाच टक्के, प्राणवायू लागतो आणि ३७ अंश तापमान लागते. तीन दिवसांनी प्लेट उघडावी तर बहुधा बुरशी किंवा दुसऱ्याच जंतूंचे रान माजलेले असते. सातव्या दिवशी कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढी, पाण्याच्या थेंबासारखी पारदर्शक वसाहत दिसते, तीही दिसली तर. ती उचलायची, काचपटावर रंगवायची, ऑक्सिडेज, कॅटॅलेज आणि युरिएज या तिन्ही चाचण्यांतून न्यायची. दहा नमुन्यांतून एखादी वसाहत हाती लागली तरी त्या दिवशी प्रयोगशाळेत समाधान असते. नमुना पोहोचायला उशीर झाला, डबी वाळली किंवा उन्हात राहिली, तर तेही नाही. शिवाय उपासमार झाली किंवा प्राणवायू वाढला की हा जंतू आपला पीळ सोडून गोल होतो आणि त्या अवस्थेत जिवंत असूनही वाढत नाही असे मानले जाते. म्हणजे प्लेट कोरी निघाली म्हणून लाळ कोरी होती, असे ठामपणे लिहिता येत नाही.

पीसीआर आल्यावर ही अडचण सुटेल असे वाटले. जंतू वाढवायची गरज नाही, त्याच्या डीएनएचा नेमका तुकडा शोधायचा आणि त्याच्या लाखो प्रती काढायच्या. पण पीसीआर मेलेल्या जंतूचा डीएनएही तितक्याच निष्ठेने दाखवते. निवडलेला तुकडा तोंडातल्या एखाद्या नातलग जंतूच्या जनुकाशी मिळताजुळता निघाला, तर त्यालाही एच. पायलोरी म्हणते. म्हणून जाणती प्रयोगशाळा एकाऐवजी दोन-तीन जनुके तपासते आणि मिळालेल्या तुकड्याचा क्रम लावून पाहते. अहवालावर मात्र शेवटी एकच शब्द छापून येतो: पॉझिटिव्ह. तो हातात घेऊन ओपीडीत आलेल्या रुग्णाला हे सगळे समजावून सांगणे प्रयोगशाळेतल्या कामापेक्षा अवघड असते.

या गोंधळात एक प्रयोग स्वच्छ उभा राहतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्युली पार्सोनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. जठरात जंतू असलेल्या पण एरवी निरोगी १६ प्रौढांना त्यांनी ओकारी आणणारे औषध दिले आणि आधीची लाळ, नंतरची लाळ, ओकारी आणि आसपासची हवा यांचे नमुने प्लेटवर वाढवले. ओकारीच्या सगळ्या नमुन्यांत जंतू वाढला, पुष्कळदा मोठ्या संख्येने. ओकारीआधीच्या लाळेत तो १६ पैकी ३ जणांत सापडला, ओकारीनंतरच्या लाळेत ९ जणांत. सहा जणांच्या बाबतीत ओकारीच्या वेळी घेतलेल्या हवेतही तो आला. युरिएजच्या जेलीवर किंवा डीएनएवर इथे भिस्त नव्हती. प्लेटवर वाढलेला जिवंत जंतू हाच पुरावा होता. जठरातले वर आले की जंतूही वर येतो आणि काही काळ लाळेत राहतो, हे यातून थेट दिसले. ओकारी आणि रिफ्लक्स एक नव्हेत. ओकारीत जठर जोराने रिते होते, तर रिफ्लक्समध्ये काही थेंब किंवा नुसती वाफ वर येते. पण वाट तीच आहे. म्हणूनच घशाचा रिफ्लक्स असणाऱ्यांच्या लाळेत हा जंतू अधिक वेळा सापडेल, ही अपेक्षा रास्त ठरते. काही अभ्यासांत ती खरी ठरल्याचे सांगितले गेले, काहींत नाही.

रुग्णांचा प्रश्न इथे वेगळ्या दिशेने येतो. उष्टं खाल्ल्यानं होतं का? आजी बाळाला भरवताना घास आधी चावून द्यायची, त्यातून आलं का? उष्ट्या-खरकट्याचे भान मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या आहे आणि लाळेत जंतू सापडला म्हटले की ते जागे होते. हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातल्या घरात होतो. दाटीची वस्ती, अपुरे स्वच्छ पाणी आणि एका अंथरुणावर झोपणारी भावंडे असतील तिथे तो जास्त. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो. लाळ, ओकारी आणि विष्ठा या तिन्ही वाटा शक्य आहेत. आजारी मुलाची ओकारी आवरणाऱ्या आईचे हात आणि तिथूनच पुढे होणारा स्वयंपाक ही साखळी स्टॅनफर्डच्या आकड्यांनंतर अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. प्रौढ वयात ताट एक केल्याने घशाचा रिफ्लक्स होतो, असे मात्र म्हणायला आधार नाही.

लाळेतल्या जंतूची तुलना पेप्सीनशी केली की त्याचे खरे वजन कळते. पेप्सीन हे प्रथिने पचवणारे विकर. त्याचा पूर्वावतार, पेप्सिनोजेन, मुख्यतः जठराच्याच पेशींत बनतो. म्हणून लाळेत पेप्सीन सापडले तर ते खालून आले, याखेरीज सोयीचे दुसरे स्पष्टीकरण उरत नाही. त्याचा स्वभाव घशाच्या दृष्टीने वाईट आहे. सुमारे दोन पीएचला ते सर्वांत जोमात असते, साडेसहाच्या आसपास निष्क्रिय होते, पण मरत नाही. आठ पीएचपर्यंत नेल्याशिवाय ते कायमचे निकामी होत नाही. म्हणजे वर चढलेले पेप्सीन स्वरयंत्राच्या पेशींना चिकटून निपचित बसते, आणि नंतर आंबट पेय प्यायले किंवा पुन्हा थोडा रिफ्लक्स झाला की जागे होते. पेशी ते आत ओढूनही घेतात, असे प्रयोगांत दिसले आहे. लाळेतले पेप्सीन मोजणाऱ्या तयार पट्ट्या काही देशांत मिळतात, पण त्यांनाही मर्यादा आहेत. निरोगी माणसाच्या लाळेतही थोडे पेप्सीन असते, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत फरक पडतो, आणि दोन रिफ्लक्सच्या मधल्या शांत वेळी डबी भरली तर निकाल चुकतो. तरी त्याचे उगमस्थान एक आहे, हा मोठा फायदा.

जंतूच्या बाबतीत हा फायदा नाही. तो खालून वर आलेला असू शकतो, दातांच्या थरात दबा धरून बसलेला असू शकतो किंवा नुकताच बाहेरून आलेलाही. तोंडातला आणि जठरातला जंतू एकाच वाणाचा आहे का, हे जनुके ताडून पाहणाऱ्या अभ्यासांत काही रुग्णांत दोन्ही एक निघाले, काहींत वेगळे. लाळेतल्या जंतूला रिफ्लक्सचा पुरावा मानायचे असेल तर निदान तीन गोष्टी हव्यात: त्याच रुग्णाच्या जठरातला नमुना, दोन्हींचा जनुकीय मेळ आणि त्याच काळात नळीने मोजलेला रिफ्लक्स. हे तिन्ही एकत्र करायला रुग्णाचा एक आख्खा दिवस, दुर्बिणीची तपासणी आणि बराच खर्च लागतो. तक्रार खाकरण्याची आणि तपासणी एवढी मोठी, म्हणून रुग्ण मागे फिरतात आणि अभ्यास छोटे राहतात. या विषयातल्या विस्कळीत आकड्यांमागे हे साधे, व्यवहारी कारणही आहे.

जंतू स्वतः घशाला इजा करतो का, हा वेगळा प्रश्न. स्वरयंत्राच्या गाठी, टॉन्सिल, ॲडिनॉइड, स्वरयंत्राचा कर्करोग अशा ठिकाणच्या तुकड्यांत काहींना तो सापडला, काहींना मुळीच नाही. सापडला तिथेही तो वस्तीला होता की वाटसरू होता, हे ठरवणे कठीण. जठरात तो ज्या बुळबुळीत थराखाली आणि ज्या पेशींना धरून राहतो, तशी जागा स्वरयंत्रात नाही.

आम्लाशी असलेले त्याचे नाते सरळ असते तर निदान एक धागा हाती लागला असता. तेही नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमध्ये जठराच्या आम्लाचा अभ्यास चालू असताना ३७ पैकी १७ निरोगी स्वयंसेवकांच्या जठरातले आम्ल काही काळ जवळजवळ नाहीसे झाले आणि जठराला सूज आली. कारण तेव्हा कळले नाही. पुढे हा जंतू माहीत झाल्यावर जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून संशय त्याच्याकडे वळला. एकाच मोजणीच्या उपकरणातून तो एका जठरातून दुसऱ्यात गेला असावा. नवा संसर्ग आम्ल कमी करतो. जुना संसर्ग जठराच्या वरच्या, रुंद भागात पसरला तर आम्ल आणखी घटते. तो खालच्या टोकाशी एकवटला तर उलट आम्ल वाढते आणि ड्युओडेनमचा व्रण होतो. म्हणजे एकाच जंतूमुळे एका रुग्णाचा रिफ्लक्स सौम्य होऊ शकतो आणि दुसऱ्याचा तीव्र. १९९७ मध्ये जर्मनीतून आलेल्या एका अभ्यासात जंतू घालवल्यानंतर काही रुग्णांत अन्ननलिकेची सूज वाढलेली दिसली आणि बरीच चर्चा झाली. नंतरच्या अभ्यासांनी ही भीती बरीचशी दूर केली. रिफ्लक्स होईल म्हणून जंतूवरचा उपचार टाळू नये, असे आज मानले जाते. व्रण आणि जठराचा कर्करोग हीच त्या उपचाराची भक्कम कारणे आहेत. घसा साफ होईल या आशेवर चौदा दिवसांची चार औषधे देणे हे मात्र पुराव्याच्या पुढे धावणे आहे. त्यात भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल या दोन्ही औषधांना दाद न देणारे वाण मोठ्या प्रमाणात आहेत, म्हणून अर्धवट किंवा अकारण दिलेला उपचार पुढच्या रुग्णाचे नुकसान करतो.

आम्ल दाबणाऱ्या गोळ्यांचाही अनुभव असाच सावध करणारा आहे. घशाची तक्रार म्हटली की पँटोप्राझोल किंवा तिच्या कुळातली गोळी महिनोन्महिने चालू राहते, पुष्कळदा जेवणानंतर किंवा झोपताना, म्हणजे चुकीच्या वेळी. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत ३४६ रुग्णांना १६ आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन पाहण्यात आली. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दोन्ही गटांचे घसे सारखेच सुधारले. आम्ल कमी झाले तरी वर येणे थांबत नाही आणि पेप्सीनही तसेच राहते, हे यामागचे एक कारण असू शकते. दुसरे, त्या रुग्णांतल्या कित्येकांना मुळात रिफ्लक्स नसेलही. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, पोटावर घट्ट नसलेले कपडे, उशाकडून उंच केलेला पलंग, तंबाखू व मद्य बंद, वजनावर ताबा आणि खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळण्याची सवय, या गोष्टी ओपीडीत सांगायला दहा मिनिटे लागतात आणि चिठ्ठीवर एका ओळीत मावत नाहीत. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला किंवा रात्री अकराला दुकान बंद करणाऱ्याला त्यांतल्या निम्म्या पाळणेही शक्य होत नाही. तरी खाकरणे कमी होते ते बहुतेकदा यांच्यामुळे.

जठरात जंतू आहे की नाही हे पाहण्यासाठी आज दुर्बिणीशिवायच्या चाचण्यांत श्वासाची चाचणी सर्वांत भरवशाची मानली जाते. त्याआधी दोन आठवडे आम्ल दाबणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद ठेवावी लागतात, नाहीतर जंतू असून दिसत नाही. रुग्ण रिकाम्या पोटी येतो, एकदा पिशवीत फुंकतो, खुणेचा कार्बन असलेला युरिया पितो आणि अर्ध्या तासाने पुन्हा फुंकतो. जंतू असेल तर युरिया फुटतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर पडतो. मात्र युरिया तोंडातून जाताना लाळेतले युरिएजवाले जंतूही तो फोडतात आणि पहिल्या काही मिनिटांत श्वासात खोटी चढण दिसते. म्हणून द्रावण पिऊन झाल्याबरोबर रुग्णाला नीट चूळ भरायला लावतात, काही ठिकाणी युरिया विरघळवून न देता गोळीतून देतात, आणि दुसरी पिशवी अर्धा तास उलटल्यावरच त्याच्या हातात ठेवतात.